आधी कागद दाखव

अनेक आशीर्वाद.

सरकारी कामं का रखडतात यावरच्या तुझ्या पीएच.डी. प्रबंधासाठी काल रात्री पाठवलेली पाचही शीर्षकं वाचली. तीनांत 'कृत्रिम बुद्धिमत्ता' आहे, दोनांत 'शाश्वत', आणि पाचही 'सोलापूर जिल्ह्याच्या विशेष संदर्भात' संपतात. आरआरसीपुढे, म्हणजे विषयाला मान्यता देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीपुढे, यातलं कुठलंही खपेल. म्हणून तर काळजी वाटते.

मी एकच विचारतो. कागद कुठाय? ज्या कामांवर लिहिणार त्यांचं मेजरमेंट बुक (झालेल्या कामाच्या मोजमापांची वही), मुदतवाढीचे प्रस्ताव, हिंडरन्स रजिस्टर, यातलं काय तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंयस? ते आधी. विषय नंतर बघू.

फोनवर म्हणालीस, गुगल फॉर्म करते सर, दोनशे कंत्राटदारांना पाठवते. अगं, कंत्राटदार फॉर्म भरत बसेल का? त्याचा अकाउंटंट भरणार, जेवणाच्या सुट्टीत, सगळीकडे 'पूर्णतः सहमत'. तू ते एसपीएसएस या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये घालणार, उत्तरं एकमेकांशी जुळतात का ते सांगणारा क्रॉनबॅक अल्फा ०.८ च्या वर आला म्हणून खूश होणार, आणि निष्कर्ष काय, तर संवादाअभावी प्रकल्प रखडतात. एवढं तर सात रस्त्यावर चहा पिताना कळतं. प्रबंधांच्या शोधगंगा संकेतस्थळावर असल्या प्रबंधांचा ढीग पडलाय, त्यात आणखी एक कशाला?

हिंडरन्स रजिस्टर म्हणजे एक साधी आडवी वही. अडथळा कोणता, कधी सुरू झाला, कधी संपला, किती दिवस वाया गेले, आणि शेवटी दोन सह्या, कंत्राटदाराची आणि अभियंत्याची. मुदतवाढ याच नोंदींवर मिळते, दंडही याच नोंदींवर टळतो. त्यामुळे कित्येकदा ही वही रोजच्या रोज न भरता प्रस्ताव पाठवायच्या आठवड्यात एका बैठकीत भरतात. एकच पेन, एकच अक्षर. हे फॉर्ममध्ये कोण लिहून देणार तुला?

आणि कारणांचा रकाना वाच. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, अर्धा जिल्हा टँकरकडे डोळे लावून बसलेला, आणि रकान्यात 'पावसामुळे काम बंद'! पावसाच्या नोंदी महसूल मंडळनिहाय, रोजच्या रोज मिळतात. वहीतल्या तारखा आणि त्या मंडळातला पाऊस शेजारी-शेजारी मांड. थकलेलं बिल, न हललेला विजेचा खांब, अडकलेलं भूसंपादन असं लिहिलं की कुणाच्या तरी अंगाशी येतं. पाऊस कुणाच्याच अंगाशी येत नाही. माझ्या मते तुझा प्रबंध इथे आहे. पण हे माझं म्हणणं झालं, कागद काय म्हणतो ते तू बघायचंस.

पर्ट, म्हणजे कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज बांधायची पद्धत, वापरू का, असंही विचारलंस. ते १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी निघालं, कारण तसं काम आधी कुणी केलेलंच नव्हतं. म्हणून प्रत्येक टप्प्याला कमीत कमी, बहुधा आणि जास्तीत जास्त किती वेळ लागेल, असे तीन-तीन अंदाज घ्यायचे. आपण तेच रस्ते, त्याच टाक्या पिढ्यान् पिढ्या बांधतोय. मागची टाकी किती दिवसांत झाली ते कपाटात लिहिलेलं आहे. अंदाज कशाला मागतेस?

उजनीची समांतर जलवाहिनी किंवा रे नगर या कामगार वसाहतीची तीस हजार घरं घ्यायचा मोह होईल. नको. काम एकच आणि इतक्या गाजलेल्या कामाची फाइल कुणी सहज हाती देत नाही. जलजीवन मिशनच्या गावोगावच्या नळपाणी योजना घे. सांगोला किंवा मंगळवेढा, एकच तालुका. सारख्या जातीची पुष्कळ कामं, काही झालेली, काही लोंबकळलेली. तुलना करता येते.

मला हट्टी म्हणतात, ठाऊक आहे. एका कार्यालयाने फायलींसाठी मला इतकं झुलवलं की प्रबंध झाला तेव्हा निवृत्ती दारात होती. गाईडशिप, म्हणजे पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करायची मान्यता, राहिली ती राहिलीच. बरोबरीच्यांनी फॉर्म वाटून पदव्या घेतल्या, आज त्यांच्या हाताखाली विद्यार्थी आहेत. सलतं, खोटं कशाला बोलू. पण व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी 'एकाच कालव्यावर प्रबंध?' म्हणून भुवया उंचावल्या, तेव्हा मी साक्षांकित नकलांचा गठ्ठा पुढे सरकवला. ते वाचतच बसले. माझ्या प्रबंधातला कुठलाही आकडा आज विचार, कुठल्या पानावरून घेतला ते सांगेन. बाकीच्यांना विचारून बघ! असो. हे तुला सांगायचं नव्हतं.

गाईडशी वाद घालू नकोस. त्यांना शीर्षकात 'शाश्वत' हवं असेल तर असू दे, आत कागद तुझे असले म्हणजे झालं.

जिल्हा परिषदेत माहिती अधिकाराचा अर्ज करशील तेव्हा नुसती 'माहिती' मागू नकोस, एकपानी तक्ता देऊन वाटेला लावतील. अभिलेखांची पाहणी माग, तो हक्क कायद्यात आहे. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. मसुदा करून रविवारी चारनंतर घरी ये. आणि ती पाच शीर्षकं आणू नकोस.