एसक्यूएलमध्ये (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) लेफ्ट जॉइन लावूनही 2024 मध्ये ऑर्डर नसलेले ग्राहक यादीतून का गळतात?

तारखेची अट तुम्ही ‘व्हेअर’मध्ये, म्हणजे ओळी गाळणाऱ्या भागात लिहिली आहे, ती उचलून ‘ऑन’मध्ये, म्हणजे दोन तक्ते कशावर जोडायचे ते सांगणाऱ्या भागात टाका, गळलेले ग्राहक परत येतील. लेफ्ट जॉइन प्रत्येक ग्राहकाची ओळ ठेवतो आणि जुळणारी ऑर्डर नसेल तर ऑर्डरच्या सगळ्या रकान्यांत नल (‘इथे काहीच मूल्य नाही’ अशी खूण) भरतो. पण व्हेअरची चाळणी त्यानंतर लागते. नलची तारखेशी तुलना केली की उत्तर खरंही नाही, खोटंही नाही, ‘अज्ञात’ येतं. आणि व्हेअर फक्त खऱ्या ठरलेल्या ओळी पुढे सोडतं. थोडक्यात, लिहिला लेफ्ट जॉइन, चालला इनर जॉइन, म्हणजे दोन्हीकडे जुळलेल्या ओळीच ठेवणारा. एररही येत नाही, म्हणून हे पटकन लक्षात येत नाही.

जोडणी अशी करा:

लेफ्ट जॉइन ऑर्डर ऑन ऑर्डर.ग्राहक_क्र = ग्राहक.क्र अँड ऑर्डर.तारीख >= '2024-01-01' अँड ऑर्डर.तारीख < '2025-01-01'

ऑर्डरी मोजायच्या असतील तर काउंट(*) नको, काउंट(ऑर्डर.क्र) घ्या. पहिला ओळी मोजतो, त्यामुळे एकही ऑर्डर नसलेल्यालाही 1 दाखवतो. दुसरा नल सोडून देतो आणि 0 देतो.

मात्र सरसकट सगळ्या अटी ऑनमध्ये ढकलू नका. ग्राहकावरची अट, उदाहरणार्थ त्याचं शहर, व्हेअरमध्येच हवी. ती ऑनमध्ये गेली तर बाकीच्या शहरांचे ग्राहकही यादीत राहतील, फक्त त्यांच्या ऑर्डरी रिकाम्या दिसतील. आणि फक्त ऑर्डर नसलेलेच ग्राहक हवे असतील, तर व्हेअरमध्ये ‘ऑर्डर.क्र इज नल’ लिहा.