समुद्रकिनारे वगळून गोव्यात दोन दिवस डोंगरांतून निवांत गाडीने फिरायचे असल्यास कोणता मार्ग घ्यावा?

स्वतःची गाडी आहे, घाई नाही आणि कोणता घाट निवडावा हे ठरत नाही, असे आपण लिहिले आहे. मी सत्तरी तालुक्यातला असल्यामुळे माझे उत्तर थोडे पक्षपाती ठरेल. तरीही माझा सल्ला असा की, घाट ओलांडण्याचा बेत सोडावा आणि दोन्ही दिवस गोव्याच्या बाजूलाच घालवावेत. चोर्ला घाटातून जाणारे बहुतेक जण बेळगाव किती वेळात गाठले याचाच हिशेब ठेवतात.

पहिल्या दिवशी सकाळी पणजीहून सुमारे ३५ किलोमीटरवरील साखळीला यावे आणि हरवळ्याचा धबधबा व त्याजवळची कातळात कोरलेली लेणी पाहून केरीकडे वळावे. केरीच्या पुढे अंजुणे धरणाचा जलाशय लागतो आणि खरी चढण सुरू होते. काजूच्या बागा आणि कुळागरे (सुपारी-नारळाच्या मिश्र बागा) मागे पडतात, झाडी दाट होत जाते आणि तोच जलाशय मधूनमधून झाडांच्या फटीतून अधिकाधिक खाली दिसू लागतो. चढताना चालकाचे लक्ष वळणांवरच खिळलेले असते, दरी नीट दिसते ती उतरताना; म्हणून चोर्ला गावापर्यंत जाऊन त्याच रस्त्याने परतावे. माथा सुमारे ८०० मीटर उंच असल्याने हवेतला फरक लगेच जाणवतो. गाडी मात्र रुंद, मोकळी जागा पाहूनच थांबवावी. धबधबा दिसला की ऐन वळणावर गाडी उभी करून छायाचित्रे काढणाऱ्यांचा आम्हा स्थानिकांना मनस्वी वैताग आहे. पावसाळ्यात धुक्यामुळे पुढचे वाहन दिसत नाही आणि अंधार पडल्यावर रस्त्यावर गवे येऊ शकतात, त्यामुळे उजेड असतानाच खाली उतरावे.

मुक्काम वाळपई परिसरात केल्यास दुसरा दिवस सोपा जातो. जवळच ब्रह्मा करमळी येथे ब्रह्मदेवाचे मंदिर आहे. तिसवाडीतील करमळीची ही मूर्ती पोर्तुगीज काळात, सोळाव्या शतकात, येथे हलवण्यात आली. तेथून दक्षिणेला तांबडी सुर्ल्याचे कदंबकालीन महादेव मंदिर गाठावे. घाटमाथ्यावरचे सुर्ला हे गाव वेगळे, त्यामुळे नकाशावर नाव नीट तपासावे. काळ्या बेसॉल्टचे हे छोटेखानी मंदिर जंगलाच्या कुशीत, नदीकाठी आहे आणि तेथे तासभर तरी नुसते बसावे.

परतीची वाट मोले व फोंड्यावरून धरावी. दूधसागर या बेतात कोंबू नये: धबधब्याच्या पायथ्याशी खाजगी गाडी जात नाही, कुळे येथून जीप घ्यावी लागते, ती पावसाळ्यात बंद असते, आणि त्यासाठी जवळजवळ पूर्ण दिवस मोडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आल्यास हिरवाई टिकून असते आणि दरीही स्वच्छ दिसते. पेट्रोल साखळी किंवा वाळपईतच भरून घ्यावे आणि घाटात मोबाइलला रेंज मिळेल असे गृहीत न धरता नकाशा आधीच उतरवून ठेवावा.