पिवळी पिन टीव्हीला, पांढरी-लाल रिसिव्हरला

प्रश्न : मुलाने दिवाळीत नवा सराउंड रिसिव्हर (सगळ्या यंत्रांचा आवाज घेऊन स्पीकरना पुरवणारा डबा), पाच स्पीकर आणि सबवूफर बसवून दिला आणि तो बंगळुरूला परत गेला. माझा जुना व्हीसीआर आणि डीव्हीडी प्लेअर मी पिवळी-पांढरी-लाल पिनांनी रिसिव्हरला जोडले. आवाज येतो, पण टीव्हीवर चित्र काही येत नाही. डीव्हीडीचा आवाजही समोरच्या दोनच स्पीकरमधून येतो. दुकानदार म्हणाला, दोन्ही भंगारात द्या. माझ्याकडे १९९१ सालची लग्नाची कॅसेट आहे. तिच्यात आईने म्हटलेली मंगलाष्टकं आहेत. काय करू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, काहीही भंगारात देऊ नका. तुमच्या वर्णनावरून तरी दोन्ही यंत्रं ठीक दिसतात, अडलंय ते जोडणीत. रिसिव्हरपासून टीव्हीपर्यंत तुमच्याकडे चित्र आणि आवाज दोन्ही नेणारी एकच एचडीएमआय वायर गेलेली असणार. पिवळ्या पिनेतून आलेलं चित्र त्या वायरवर चढवायची सोय बऱ्याच रिसिव्हरमध्ये नसते. एचडीएमआयने आलेलंच तेवढं एचडीएमआयने पुढे जातं.

म्हणून चित्र आणि आवाज यांच्या वाटा वेगळ्या करा. व्हीसीआरची पिवळी पिन थेट टीव्हीच्या 'एव्ही इन'ला लावा, पांढरी-लाल रिसिव्हरलाच राहू द्या. टीव्हीवर एव्ही निवडायचं आणि रिसिव्हरवर ज्या खाचेत पिना लावल्यात ते नाव निवडायचं. हल्लीच्या टीव्हीला तीन गोल खाचांऐवजी हेडफोनसारखं एकच छोटं भोक असतं. त्याची वायर बहुधा टीव्हीच्या खोक्यातून आलेली असते, ती शोधा. बाजारातली तशीच दिसणारी वायर आतून वेगळी जोडलेली असू शकते, मग चित्र येत नाही आणि आवाजात नुसती घरघर येते. टीव्हीला एव्ही इन मुळीच नसेल, तरच एव्ही टू एचडीएमआय कन्व्हर्टर घ्या. पण घेण्याआधी दुसरी एखादी जुनी कॅसेट त्यावर लावून बघा. घासलेल्या व्हीएचएस कॅसेटचा सिग्नल डळमळतो आणि स्वस्त कन्व्हर्टर मधूनच कोरा निळा पडदा दाखवतात.

आवाज थेट रिसिव्हरला गेल्यावर ओठ हलायच्या आधी शब्द ऐकू येतील. टीव्ही चित्रावर काम करण्यात थोडा वेळ घेतो, त्याचा हा परिणाम. रिसिव्हरच्या मेनूत 'लिप सिंक' किंवा 'ऑडिओ डिले' असतं, ते थोडं थोडं वाढवत जा.

आता मंगलाष्टकं. लग्नाच्या कॅसेटवर आवाज बहुधा टेपच्या कडेच्या अरुंद पट्टीवर, मोनोमध्ये म्हणजे एकाच चॅनलमध्ये असतो. हायफाय व्हीसीआरमध्ये चित्रासोबत फिरत्या हेडने, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाने, वाचला जाणारा दुसरा आवाजही असतो, पण गावातल्या व्हिडिओवाल्याने काढलेल्या प्रतीत तो क्वचितच सापडतो. तुमचा व्हीसीआर हायफाय असेल आणि आवाज मध्येच तडतडत असेल, तर त्याच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'नॉर्मल' करा. मागे आवाजाची एकच खाच असेल, तर पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तापकीर गल्लीत, 'एका पिनेच्या दोन पिना' करणारी वायर मागा, नाहीतर आवाज डाव्या स्पीकरमधूनच येत राहील. मग रिसिव्हरवर 'डॉल्बी सराउंड' किंवा 'प्रो लॉजिक' लावा. दोन्ही बाजूंना सारखाच आवाज आहे हे ओळखून तो सगळा मधल्या स्पीकरकडे पाठवतो आणि आईंचा आवाज पडद्यातूनच आल्यासारखा वाटतो. सगळे स्पीकर एकदम वाजवणारा मोड या कॅसेटला लावू नका. त्याने टेपची सरसर पाच ठिकाणांहून ऐकू येते आणि शब्द तिच्यात बुडतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कॅसेट आत घालण्याआधी तिच्या खिडकीतून रीळ उजेडात धरून बघा. पुण्याच्या पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या कॅसेटला बुरशी धरते. गुंडाळलेल्या टेपच्या कडेला पिठासारखे पांढरे ठिपके दिसले तर ती लावूच नका. बुरशी हेडला चिकटते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ठिपके नसतील तर पहिल्याच वाजवण्यात तिची संगणकावर प्रत करून घ्या. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६मध्ये उत्पादन थांबवलं. तेव्हा तुमच्या व्हीसीआरचं हेड जितके तास शिल्लक आहे, ते तास या कॅसेटसाठी राखून ठेवा.

डीव्हीडी प्लेअरचं काम सोपं आहे. पांढऱ्या-लाल पिनांतून दोनच चॅनल जातात, म्हणून मागचे स्पीकर गप्प आहेत. प्लेअरच्या मागे 'कोॲक्सिअल' लिहिलेली एकटी खाच, बहुतेक नारिंगी किंवा काळी, किंवा 'ऑप्टिकल'चं चौकोनी झाकण शोधा आणि तिथून रिसिव्हरच्या तशाच खाचेत वायर न्या. कोॲक्सिअलला वेगळी महाग वायर नको, जुन्या संचातली पिवळ्या पिनेची वायर चालते, दोन्ही ७५ ओहमच्याच. मग प्लेअरच्या सेटअपमध्ये 'डिजिटल आउट' हे 'पीसीएम'वर (दोन चॅनलचा साधा आवाज) असेल तर 'बिटस्ट्रीम' किंवा 'रॉ' (डिस्कवरचा आवाज जसाच्या तसा) करा. हे एक राहिलं तर वायर बरोबर असूनही आवाज दोनच स्पीकरमध्ये अडकतो. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत हीच तक्रार सगळ्यात जास्त. रिसिव्हरवर 'डॉल्बी डिजिटल' किंवा 'डीटीएस' उमटलं की जमलं. चित्रासाठी प्लेअरला आणि टीव्हीला हिरवी-निळी-लाल अशी तीन खाचांची जोडी असेल तर तीच वापरा, पिवळ्यापेक्षा चित्र खूप स्वच्छ येतं. त्यातली लाल पिन मात्र चित्राची आहे, आवाजाच्या लालमध्ये घालू नका. आणि प्लेअरला एचडीएमआयच असेल, तर ती एकच वायर रिसिव्हरला लावा आणि बाकी सगळं विसरा.

प्रश्न : माझ्याकडे मराठी नाटकांच्या बऱ्याच व्हीसीडी आहेत. बिटस्ट्रीम करूनही मागचे स्पीकर वाजत नाहीत.
– एक वाचक, सातारा रस्ता

उत्तर : व्हीसीडीत मुळात दोनच चॅनल असतात, तेव्हा प्लेअरचा दोष नाही. रिसिव्हरवर 'डॉल्बी सराउंड' लावा, संवाद मधल्या स्पीकरवर येतील आणि नाटकाला तेच हवं. हॉल, स्टेडियम असले परिणाम लावू नका, शब्द पुसट होतात. काही व्हीसीडींत डावीकडे एक आणि उजवीकडे दुसराच आवाज भरलेला असतो. तशी असेल तर प्लेअरच्या रिमोटवर 'ऑडिओ'चं बटण दाबून हवी ती बाजू निवडा.