कोंबडा की कोंबडी?

चि. मनू,

तुझा निरोप आज सकाळी ऑफिसला जाताना बसमध्ये ऐकला. साडेतीन मिनिटांचा, आणि त्यातली पावणेतीन मिनिटं माथेरानच्या माकडाने आईच्या हातातली वेफर्सची पिशवी कशी पळवली यावर. खरा प्रश्न अगदी शेवटी, धापा टाकत : आजी प्रत्येक करवंद देताना "कोंबडा की कोंबडी?" असं का विचारते? सोसायटीतल्या मुलींना सांगितलं तर त्या हसल्या. मग सगळेच मराठी लोक असं करतात, की फक्त आपली आजी?

अगं, आपली आजी एकटी नाही. मे महिन्यात सह्याद्रीच्या आसपास ज्यांनी करवंदं खाल्ली, त्यातल्या बहुतेकांनी हा खेळ खेळलाय. करवंद अर्धं चावायचं आणि उरलेलं अर्धं दाखवायचं. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. लाल म्हणजे कोंबड्याचा तुरा, एवढं तर तुझ्याही लक्षात आलं असेल. चावण्याआधी समोरच्याने ओळखायचं. आमच्या घरी बरोबर ओळखलं की एक करवंद बक्षीस मिळायचं, चुकलं तर आपल्यातलं एक द्यावं लागायचं. दुसऱ्यांच्या घरी वेगळे नियम असतील, मला त्यांचं कौतुक नाही.

"का" याचं उत्तर मात्र मलाही कोणी दिलं नव्हतं. मी माझ्या आजीला विचारलं होतं, तर ती म्हणाली, "गप खा."

मग मी स्वतःच विचार केला. आंबा पिकला की वासानेच बोंब मारतो. जांभूळ जीभ रंगवून चुगली करतं. करवंद मात्र मिटल्या तोंडाचं. द्रोणातली सगळी सारखी काळी, सारखी गोल, आत काय आहे ते दात लावल्याशिवाय कळत नाही. अशा फळाबद्दल पैज लागणारच. दुसरं असं, की पोरं एरवी मूठभर तोंडात कोंबून मोकळी होतात. हा प्रश्न आला की एकेकच खावं लागतं, आणि एक द्रोण नेरळपासून ठाण्यापर्यंत पुरतो. ही युक्ती नक्की कोणत्या तरी आजीनेच काढलेली असणार.

आमच्या वेळी पण असंच होतं. उन्हाळा संपत आला की माझ्या आईला, म्हणजे तुझ्या आजीला, दोन कामं सुचायची. एक म्हणजे आगोट, पावसाळ्याची बेगमी. गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड, आणि त्यांची राखण करायला मी आणि तुझी आत्या, हातात काठी, डोक्यावर ओला टॉवेल. आपल्या मुलुंडच्या गच्चीवरून पलीकडे नॅशनल पार्कचे डोंगर दिसतात ना, ते तेव्हा अगदी करपलेले असायचे. त्या डोंगरांच्या पोटात विहार आणि तुळशी असे दोन तलाव आहेत. मुंबईला पाणी पाजणारे सात तलाव आहेत, त्यातले हे दोनच शहराच्या हद्दीत. मे अखेरीला आजोबा रोज पेपरात तलावांच्या पातळीचे आकडे वाचायचे आणि मग आंघोळीच्या बादलीकडे बघायचे. एकच बादली. बोलायची गरजच नसायची.

दुसरं काम म्हणजे माथेरान. मृग लागायच्या आत एकदा जाऊन यायचंच. मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागतं, आणि हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत पावसाची नेहमीची तारीख ११ जून. त्यानंतर नेरळहून वर जाणारी मिनी ट्रेन पावसाळ्यापुरती बंद. आणि आजीच्या मते एकदा पाऊस पडला की करवंदाला चव राहत नाही, वर अळी होते ती वेगळीच. ती हे आंब्याबद्दलही म्हणते. तिच्याशी वाद घालू नकोस, मी चाळीस वर्षांत एकदाही जिंकलो नाही.

तू बसलीस ती गाडी १९०७ साली सुरू झाली. आदमजी पीरभॉय कुटुंबाने बांधली, रूळ जेमतेम दोन फूट रुंद. नेरळपासून वर पोचेपर्यंत वीसेक किलोमीटर नुसती वळणं. वाटेत एकच बोगदा आहे, त्याचं नाव "वन किस". आमच्या लहानपणी तो आला की आजोबा एकदम खिडकीबाहेर बघून "ते बघा, माकड" म्हणायचे. माकड नसायचंच.

वर गेल्यावर मोटारी नाहीत, लाल माती, घोड्यांचा वास, चिक्कीची दुकानं, हे तू पाहिलंसच. तुला दिसलं की नाही माहीत नाही, पण पुढच्या वेळी नीट बघ : आजी चिक्कीवाल्याशी पाच-दहा रुपयांसाठी भांडते, दुकानातून निघून जायचं नाटकही करते. करवंदवालीपुढे मात्र पाटीशी उकिडवी बसते, सांगितले तेवढे पैसे देते आणि तिला पाणी हवं का विचारते. त्या बायका ठाकर-कातकरी वाड्यांवरच्या. पहाटे उजाडायच्या आत रानात जातात, पाटी भरतात आणि चालत खाली किंवा स्टेशनवर येतात. करवंदाच्या जाळीला काटे असतात ते जोडीने, चांगले बोटाच्या पेराएवढे. त्यातून पाटीभर काढायची म्हणजे काय ते मला एकदा कळलंय.

मी नऊ वर्षांचा होतो. विकत कशाला, मीच तोडून आणतो म्हणालो आणि पायवाट सोडून जाळीत हात घातला. सहा करवंदं मिळाली, त्यातली चार कच्ची. देठ तुटला की पांढरा चीक येतो, तो हातांना लागला. मग तीच बोटं तोंडात. ओठ असे चिकटले की मला वाटलं आता आयुष्यभर मुकाच राहणार. आईने डब्याच्या पिशवीतून खोबरेल काढून (पिशवीत खोबरेल का होतं, हे विचारू नकोस, तिच्या पिशवीत सगळं असतं) ओठांना चोळलं आणि करवंदवालीला सगळी हकिकत सांगितली. ती बाई हसली नाही. तिने आपले दोन्ही हात पालथे करून मला दाखवले. कोपरापर्यंत पांढऱ्या रेघा, जुन्या-नव्या, एकीवर एक. मग पळसाच्या पानाचा द्रोण काडीने टाचला, काठोकाठ भरला आणि वर आणखी मूठभर ठेवली.

तेव्हा एका द्रोणाला एक रुपया पडायचा. आता काय भाव आहे ते कळव. द्रोण मिळाला की प्लॅस्टिकची पिशवी, तेही.

इथे सिएटलजवळ मे म्हणजे उन्हाळ्याची नुसती चाहूल. ऑफिसच्या खिडकीतून आज माउंट रेनियर दिसतोय, ४,३९२ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. रेनियरवर अजून बर्फ आहे आणि तो जुलै उजाडल्याशिवाय पायवाटांवरून हटत नाही. हा ज्वालामुखी आहे, झोपलेला. सह्याद्रीसुद्धा लाव्हाचाच बरं का, पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झालेला, म्हणून आजी निर्धास्त पथारी टाकते. इथे डोंगरात जायचे खरे दिवस ऑगस्टचे. तेव्हा तुमच्याकडे श्रावणसरी, आणि इथे कडक ऊन, कोरडं गवत, कधी वणव्याचा धूर. रस्त्याच्या कडेला ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्या नुसत्या लगडलेल्या असतात. त्यातल्या एका जातीला इथले लोक "हिमालयन" म्हणतात, पण ती मूळची हिमालयातली नाहीच.

गेल्या ऑगस्टमध्ये ऑफिसातल्या चौघांबरोबर चालायला गेलो होतो. एकाने ओंजळभर ब्लॅकबेऱ्या पुढे केल्या. मी एक उचलली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कोंबडा की कोंबडी?" सगळे थांबले. मग मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, एकाने ब्लॅकबेरी चावून आतून बघितलीसुद्धा. सगळ्या आतून सारख्याच. ब्लॅकबेरीत कोंबडी निघतच नाही गं, हा तिचा मोठा दोष आहे.

तर मैत्रिणी हसल्या तर हसू देत. आजीने आणलेली करवंदं अजून उरली असतील तर वाटीत घालून खाली ने. काही सांगू नकोस, फक्त पहिलीला विचार. मऊ पडलेली आधी संपव.

आणि एक. आत्या रविवारी येईल तेव्हा तिला आमच्या शेवटच्या माथेरानच्या सहलीचा हिशेब विचार. मी सात करवंदांनी पुढे होतो. ती नाही म्हणेल. तिने ठाण्याला उतरताना दोन कोंबड्या न दाखवताच गिळल्या होत्या, हे मी स्वतः पाहिलंय.

तुझा
बाबा