कॅल्शियम, व्हिटॅमिन डी नॉर्मल असूनही मुलाला ठिसूळ हाडांचा आजार असू शकतो का? कोणती तपासणी करावी?

दीड वर्षाच्या तुमच्या मुलाचं हे तिसरं फ्रॅक्चर, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, आणि तरी डॉक्टर ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा, म्हणजे ठिसूळ हाडांचा जन्मजात आजार, म्हणताहेत. माझ्या मुलीला हाच आजार आहे, म्हणून लिहिते.

नॉर्मल रिपोर्टमुळे शंका फिटत नाही. या आजारात कॅल्शियम, फॉस्फरस, व्हिटॅमिन डी बहुतेक वेळा ठीकच येतात. त्या तपासण्या मुडदूस नाही ना, हे बघायला असतात. अल्कलाइन फॉस्फेटेज (रक्तातलं एक एन्झाइम) फार कमी आलं असेल तर मात्र डॉक्टरांना नक्की विचारा, तो वेगळाच आजार असू शकतो. इथे खोट असते ती हाडाला चिवटपणा देणाऱ्या कोलॅजन या प्रथिनात. आम्ही वर्षभर कॅल्शियमचं सिरप पाजत बसलो. तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग निळसर होता, तोही आम्हाला सुंदरच वाटायचा.

पक्कं कळतं ते जनुकीय तपासणीतून. पूर्वी त्वचेचा तुकडा काढून त्यातल्या पेशी वाढवायचे, आता जांभळ्या टोपणाच्या नळीत दोन-तीन मिली रक्त पुरतं. एकच जनुक तपासू नका, या आजाराच्या सगळ्या जनुकांचं पॅनेल, म्हणजे एकत्र तपासणी, करा. बहुतेकांचा दोष सीओएल१ए१ किंवा सीओएल१ए२ या कोलॅजनच्या जनुकांमध्ये सापडतो, पण सगळ्यांचा नाही. रिपोर्टला काही आठवडे लागतात. त्यात सापडलेल्या बदलाचा 'अर्थ अनिश्चित' असा शेरा आला तर स्वतः गूगल करत बसू नका, जेनेटिक्सच्या डॉक्टरांसमोर बसा. काहीच सापडलं नाही तरी आजार नाहीच असं ठरत नाही. एक्स-रे आणि प्रत्यक्ष तपासणी तितकीच महत्त्वाची.

तुम्हा दोघांचंही रक्त तपासायला सांगतील. कुणाच्या घराण्यातून आलं, हे भांडण तेव्हा घरात येऊ देऊ नका. आमच्याकडे आलं होतं. दोष पुष्कळदा मुलातच नव्याने होतो, आईबाप दोघेही निर्दोष निघतात. पुढच्या बाळाचा विचार असेल तर मात्र हा रिपोर्ट हवाच, कारण नेमका बदल माहीत असला की गरोदरपणात अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा नमुना घेऊन तपासता येतं.

रिपोर्ट येईपर्यंत एक करा: लंगोट बदलताना घोटे धरून पाय उचलू नका. कुल्ल्यांखाली हात सरकवून उचला.