पांढऱ्या भुकटीने भरलेला कार्बोरेटर वाचवता येईल का?

पाण्याच्या पंपाचे जुने पेट्रोल इंजिन काही वर्षे पडून होते, कार्बोरेटर उघडल्यावर बाऊलमध्ये (पेट्रोल साठणाऱ्या वाटीत) पांढरी भुकटी आणि जेटभोवती (इंधन मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या पितळी स्क्रूभोवती) हिरवट थर आढळला, तर तो रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावा का, असे आपण विचारले आहे. कृपया ठेवू नका. लोखंडाच्या गंजावर व्हिनेगर उपयोगी पडते. पण अशा कार्बोरेटरचे अंग बहुधा जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ओतीव असते आणि आम्ल भुकटीबरोबर खालचा चांगला धातूही खाते. कॉस्टिक सोड्यासारखे तीव्र क्षारही तितकेच घातक आहेत.

ती भुकटी बाहेरून आलेला कचरा नाही, तो कार्बोरेटरचाच झिजलेला धातू आहे. पेट्रोलमधील इथेनॉल ओलावा शोषून घेते आणि पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते. त्या पाण्यात पितळी जेट आणि जस्ताचे अंग एकमेकांना चिकटून राहिल्यामुळे झीज जस्ताची होते, म्हणूनच जेटच्या आट्यांभोवती नुकसान जास्त दिसते. गेलेला धातू कोणत्याही द्रावणाने परत येत नाही, त्यामुळे तो नेमका कुठून गेला आहे, हे घासायला बसण्यापूर्वीच पाहावे.

बाऊलच्या तळाला खड्डे पडले असतील आणि गळती नसेल, तर चिंता नको. बाऊलमध्ये येणारे पेट्रोल अडवणारी सुई, म्हणजे निडल, जिथे टेकते ती सीट मात्र भिंगाखाली तपासा. सीट पितळी आणि सुटी असेल तर बदलता येते. ती अंगातच कोरलेली असून तिला खड्डे पडले असतील, तर मी त्या कार्बोरेटरवर वेळ घालवणार नाही, दुसरा शोधेन.

जेट काढताना घाई केली की खाच तुटते. खाचेत घट्ट बसणारा स्क्रू ड्रायव्हर घ्या, आट्यांवर गंज सोडवणारे तेल टाकून एक दिवस थांबा. तरीही जेट हलला नाही, तर सगळे पेट्रोल, रबर आणि प्लॅस्टिकचे भाग काढून, अंग पूर्ण सुकल्यावर, मोकळ्या हवेत हॉट एअर गनने अंग मध्यम तापवा. जस्त आणि ॲल्युमिनियम पितळेपेक्षा जास्त प्रसरण पावत असल्याने पकड सैल होते. ज्योत कधीही वापरू नका. आगीचा धोका तर आहेच, शिवाय जस्ताचे हे मिश्रधातू साधारण ३८० ते ३९० अंश सेल्सिअसलाच वितळतात. हवा-पेट्रोलचे प्रमाण ठरवणारा मिक्स्चर स्क्रू काढण्यापूर्वी तो अलगद आत बसवून किती फेरे जातो ते लिहून ठेवा.

सफाईसाठी कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरेसा असतो. अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी द्रावणात सफाई करणारे) यंत्र उपलब्ध असेल तर फारच उत्तम, मात्र काही मिनिटांनी अंग बाहेर काढून पाहत राहा. नंतर प्रत्येक मार्गातून कॉम्प्रेसरची हवा सोडा आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा असू द्या. आयडल जेटचे, म्हणजे इंजिन मंद गतीवर असताना इंधन देणाऱ्या जेटचे, छिद्र अनेकदा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते; त्यात पोलादी तार घातली की पितळ खरवडले जाते आणि इंधनाचे माप कायमचे बिघडते. नायलॉनचा केस किंवा विजेच्या वायरमधील तांब्याचा एकच धागा वापरावा. इंजिन चोकवर (हवा कमी करणारी झडप लावून) चालते आणि चोक उघडताच बंद पडते, ही तक्रार पुष्कळदा याच छिद्राची किंवा त्यामागील मार्गाची असते, बाकी कार्बोरेटर कितीही चकचकीत दिसो.

गॅस्केटची बैठक खडबडीत असेल तर काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून हलक्या हाताने सपाट करा आणि गॅस्केट नवेच बसवा. पोकळ पितळी फ्लोट (बाऊलमधील पेट्रोलची पातळी राखणारा तरंगक) गरम पाण्यात बुडवून पाहा. बुडबुडे आले तर तो फुटलेला आहे. जोडणी झाल्यावर कार्बोरेटर इंजिनवर चढवण्याआधी त्याला पेट्रोल देऊन दहा मिनिटे सरळ धरा. ओव्हरफ्लोमधून (जादा पेट्रोल बाहेर पडण्याच्या वाटेतून) थेंबही येता कामा नये.

टाकी आतून गंजलेली असेल तर ती साफ केल्याशिवाय आणि नळीत फिल्टर घातल्याशिवाय हे काम अपुरेच राहील. इंजिन पुन्हा काही महिने बंद ठेवायचे असल्यास पेट्रोलचा कॉक बंद करून ते आपोआप थांबेपर्यंत चालवणे पुरत नाही, कारण जेटच्या खाली थोडे इंधन उरतेच. बाऊलचा ड्रेन स्क्रू उघडून तेही काढून टाका.