‘पाव’ची एकच नोंद करू नका

तुमची पोस्ट वाचली. मंडळाच्या दिवाळी अंकात शब्दांवरचं सदर आहे, त्यात ‘पाव’ची चौकट करायची आहे, आणि दोघांनी दोन व्युत्पत्ती कळवल्यात. एकाचं म्हणणं लादीचा चौथा भाग म्हणून पाव, दुसऱ्याचं म्हणणं पीठ पायाने मळायचे म्हणून पाव. जपानी ‘पान’ (म्हणजे पाव) आणि चिनी ‘बाओ’ (सारण भरून वाफवलेला पाव) हेही त्याच चौकटीत घ्यावेत का, हाही प्रश्न आहे. याच शब्दावर मीही अडकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो. भाषाशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही, कोशाच्या नोंदी तपासायचं काम केलंय. तेवढं धरून वाचा.

सगळ्यात महाग पडलेली चूक आधी सांगतो: एक रूप दिसलं की एक नोंद करणं. आमच्याकडे ‘पाव’खाली १, २, ३ असे अर्थ लावले गेले आणि वर एकच मूळ छापलं गेलं. ज्या कार्यालयाकडे दुरुस्ती पाठवायची होती, तिथून प्रत्येक वेळी एकच उत्तर यायचं: “शब्द एक, नोंद एक.” पुरावा बघायचीही तयारी नव्हती. मग ती चूक पुढच्या प्रत्येक नकलेत उतरत गेली. म्हणून तुमच्या चौकटीत तीन पाव वेगळेच ठेवा.

पहिला पाव चौथ्या भागाचा. संस्कृत ‘पाद’, प्राकृतात मधला द गळून ‘पाअ’. त्या दोन स्वरांमध्ये य आला तो आपला ‘पाय’, व आला तो ‘पाव’. जनावराला पाय चार, म्हणून एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. श्लोकाच्या चौथ्या भागाला चरण म्हणतात तेही याच हिशेबाने. पावशेर, पावली (चार आणे, म्हणजे रुपयाचा चौथा भाग) इथलेच. ‘पाऊण’ म्हणजे पाद + ऊन, चतुर्थांश कमी, त्यातूनच पावणेदोन. ८० तोळ्यांचा पक्का शेर साधारण ९३३ ग्रॅमचा, म्हणजे पावशेर २३३ ग्रॅम. आज मंडईत पावशेर मिरच्या मागितल्या की २५० ग्रॅम तोलून मिळतात. माप बदललं, शब्द टिकला. चौकटीत हे जरूर टाका, वाचकांना आवडतं.

दुसरा पाव खायचा. हा पोर्तुगीज ‘पांउ’ (pão), त्याच्या मागे लॅटिन ‘पानेम’. स्पॅनिश ‘पान’, इटालियन ‘पाने’ ही त्याची भावंडं. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये, वसई त्यांच्याकडे १५३४ पासून. शब्द आला तो याच किनाऱ्यावरून. गोव्यात पाव भाजणाऱ्याला ‘पोदेर’ म्हणतात, तोही पोर्तुगीज ‘पादेइरू’वरून. वस्तू, कारागीर दोन्हींची नावं एकाच भाषेतून आलेली असली की व्युत्पत्ती घट्ट बसते.

पण माझ्या मते खरा पुरावा उच्चारात आहे, आणि लोक नेमका तोच वगळतात. पोर्तुगीज शब्दाच्या शेवटी नाकातून येणारा ‘आंउ’ आहे. लिलावाचा पोर्तुगीज शब्दही तसाच संपतो, ‘लेइलांउ’. मराठीत एकाचा ‘पाव’, दुसऱ्याचा ‘लिलाव’. तोच शेवट, तोच बदल. हिंदीने दुसऱ्या शब्दातला अनुनासिक ‘म’ करून जपला: नीलाम. बंगालीत पावाला ‘पाँउरुटी’ म्हणतात, चंद्रबिंदूसकट. अशी जोडी दाखवली की वाद मिटतो. ‘साबण’ मात्र या यादीत ओढू नका; पोर्तुगीज शब्द जुळतो खरा, पण अरबी ‘साबून’ही दारात उभा आहे, त्यामुळे पुरावा म्हणून तो लंगडा पडतो.

आता दोन्ही लोककथा. लादी चारचीच असते असं नाही, सहाची असते, बाराचीही असते. आणि पायाने मळण्याची गोष्ट मराठीत चालतच नाही: आपण पायाला ‘पाव’ म्हणत नाही, ‘पाँव’ हिंदीत म्हणतात. बेकरीत पीठ कसंही मळत असोत, नाव त्यावरून पडलेलं नाही. गंमत अशी की चौथा भाग काय आणि पाय काय, दोन्ही तर्क शेवटी त्याच ‘पाद’पाशी जातात, आणि खायच्या पावाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

तिसरा पाव क्रियापदातला. देव पावला, रक्कम पावली, ‘पावती’ त्यातूनच. मूळ संस्कृत ‘प्राप्’. बहुतेक लेखांत हा राहूनच जातो.

मराठीपुरती एक चाचणी देतो, कोश न उघडता करता येते. खायच्या पावाला सामान्यरूप होतं: पावाला, पावात, पावाचा तुकडा. चौथा भाग नामाआधी आला की जसाच्या तसा राहतो: पाव किलोचा डबा, पाव टक्क्याने वाढ. तिसरा धातू आहे, त्याला काळ लागतात.

जपानी ‘पान’ घ्या, बिनधास्त घ्या. पोर्तुगीज जपानला पोचले १५४३ मध्ये, त्यांच्याबरोबर हा शब्द गेला. कोरियन ‘प्पांग’ जपानीमधून पुढे गेला. चिनी ‘बाओ’ मात्र घेऊ नका. त्याचा अर्थ गुंडाळणे, आणि तो चिनीतलाच जुना शब्द. रोमन लिपीत ‘ब’ दिसत असला तरी उच्चार ‘पाओ’च्या जवळ जातो, म्हणून माणसं फसतात. इंग्रजी ‘पॅन’, तवा या अर्थाचा, तोही बाहेर ठेवा. ‘कम्पॅनियन’ (सोबती) मात्र आत, कारण त्यात तोच लॅटिन शब्द आहे: बरोबर बसून भाकरी खाणारा.

रोमन लिपीत पोर्तुगीज शब्द छापणार असाल तर अक्षरजुळणी करणाऱ्याला आधीच बजावून ठेवा. ‘ए’च्या डोक्यावरची नागमोडी रेघ जाता कामा नये, आणि शेवटचं अक्षर ‘ओ’ आहे, ‘यू’ नव्हे. ती रेघ नसलेला, ‘यू’ने संपणारा शब्द (pau) म्हणजे लाकूड. ब्राझील देशाला नाव मिळालं ते ज्या झाडावरून, त्याच्या पोर्तुगीज नावात हाच लाकडाचा ‘पाउ’ आहे. दोन्ही दिसायला इतके जवळचे आहेत, की मुद्रितशोधकाच्या नजरेतून चूक निसटते.

गोव्याचे भाषाअभ्यासक दालगादो यांचा आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवरचा १९१३ चा ग्रंथ आहे. इंग्रजी भाषांतर १९३६ मध्ये बडोद्याहून निघालं. वाचनालयात मिळालं तर पाव आणि लिलाव या दोन नोंदी समोरासमोर ठेवून वाचा. फोनवर फिरणाऱ्या मजकुरावरून चौकट छापू नका, कृपा करून. छापलेली व्युत्पत्ती मागे घेता येत नाही. चौकटीला जागा कमी पडली तर पावशेराचा हिशेब काढा, लिलावाची जोडी काढू नका.